फायब्रोब्लास्टचं लॅक्टेट कर्कपेशी खरंच वापरते का? जमाखर्च मांडायची पद्धत

ट्यूमरमधले फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या पेशी) ग्लुकोज फोडून लॅक्टेट बाहेर टाकतात आणि शेजारची कर्कपेशी ते जाळून ऊर्जा मिळवते, ही कल्पना २००९ पासून ‘रिव्हर्स वॉरबर्ग’ या नावाने चर्चेत आहे. ती तपासायची तर दोन्ही पेशी एकाच माध्यमात (पोषक द्रवात), पण जाळीआड वाढवाव्या लागतात.

सहा खणांची प्लेट आणि ०.४ मायक्रॉन छिद्रांचे, २४ मिमी व्यासाचे इन्सर्ट, म्हणजे खणात बसणारे जाळीच्या तळाचे कप, घ्या. खाली ३ लाख फायब्रोब्लास्ट, वर ३ लाख सिहा पेशी. सिहा ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पेशीमालिका आहे आणि लॅक्टेट वापरण्यासाठी ओळखली जाते. एमडीए-एमबी-२३१ ही स्तनाच्या कर्करोगाची पेशीमालिका घेऊ नका. तिच्यात लॅक्टेट आत घेणारा वाहक प्रथिन एमसीटी१ जवळजवळ नसतोच. पेशी रात्रभर चिकटू द्या आणि सकाळी माध्यम बदला: वर १.५ मिली, खाली २.६ मिली. दोन्हीकडची पातळी सारखी नसेल तर द्रव जाळीतून ढकलला जातो.

बरेच प्रयोग माध्यमामुळेच फसतात. डीएमईएम या नेहमीच्या माध्यमात २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं, म्हणजे रक्तातल्याच्या पाचपट. ५ मिलिमोलर घ्या. पायरुव्हेट नको, कारण पेशी त्याचंच लॅक्टेट करतात. सीरम डायलाइझ केलेलंच, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलंच, वापरा. साध्या सीरममध्ये आधीच लॅक्टेट असतं.

खण पाच प्रकारचे लागतात: दोन्ही पेशी एकत्र, फक्त सिहा, फक्त फायब्रोब्लास्ट, वर-खाली दोन्हीकडे सिहा, आणि पेशींशिवाय नुसतं माध्यम. शेवटचा खण बाष्पीभवन पकडतो. प्रत्येकाचे किमान तीन खण ठेवा आणि एकट्या पेशींच्या खणांतही पूर्ण ४.१ मिली माध्यम भरा.

०, ६, १२ आणि २४ तासांनी ५० मायक्रोलिटर नमुना काढा, बर्फावर ठेवा, ३०० जी वेगाने ५ मिनिटं फिरवा. मग १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा, नाहीतर माध्यमातलं एलडीएच एन्झाइम साठवणीतच लॅक्टेट खातं. काढलेला द्रव हिशेबात धरा. शेवटी दोन्ही बाजूंच्या पेशी मोजा.

आता गणित. सुरुवातीचं ग्लुकोज २०.५ मायक्रोमोल, एका ग्लुकोजपासून जास्तीत जास्त दोन लॅक्टेट, म्हणजे कमाल ४१. एकट्या-एकट्या खणांतलं लॅक्टेट पेशीसंख्येनुसार जुळवून बेरीज करा. एकत्र खणात लॅक्टेट त्याहून कमी, पण ग्लुकोजचा खप तितकाच, असं दिसलं तर लॅक्टेट वापरलं गेल्याची शक्यता मोठी. ग्लुकोजचा खपही घटला असेल तर पेशींनी लॅक्टेट बनवलंच कमी. ते कुणी खाल्लं असा निष्कर्ष काढू नका.

पुढची पायरी कार्बन-१३ने चिन्हांकित केलेलं सोडियम एल-लॅक्टेट, २ मिलिमोलर. लॅक्टिक आम्ल घालू नका, पीएच कोसळतो. सहा तासांनी इन्सर्ट उचला, थंड सलाइनने काही सेकंदांत धुवा आणि उणे ८० अंशांवरचं ८० टक्के मिथेनॉल ओता. रेंगाळलात तर पायरुव्हेटची पातळी तेवढ्यात बदलते.

सिहा पेशीत चिन्हांकित पायरुव्हेट दिसलं की लोक खूश होतात, पण एलडीएच लॅक्टेटचं पायरुव्हेट आणि पायरुव्हेटचं लॅक्टेट, असं दोन्ही दिशांनी चालतं. शंभराची नोट देऊन शंभराचे सुट्टे घेतले तरी गल्ल्यातली रक्कम तीच राहते, तसं हे. सिट्रेटमध्ये दोन चिन्हांकित कार्बन आढळले तर तो कार्बन क्रेब्ज चक्रात (पेशीच्या ऊर्जा मिळवण्याच्या चक्रात) शिरला एवढं कळतं. निव्वळ खप मात्र माध्यमातल्या आकड्यांवरूनच ठरवा.

शेवटी १०० नॅनोमोलर एझेडडी३९६५ या औषधाने एमसीटी१ बंद करा. खप खरा असेल तर एकत्र खणात लॅक्टेट साचायला हवं. एकट्या पेशींच्या खणांतही हे औषध घालाच: काही पेशी लॅक्टेट बाहेर टाकायलाही एमसीटी१च वापरतात, आणि मग आकडा उलट्या दिशेला सरकतो.