नागिणीनंतरच्या वेदनेवर लिडोकेनची पट्टी कशी लावावी

नागिणीचे फोड सुकल्यावरही बरगडीवरची आग महिनोन्‌महिने राहते आणि सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही, अशा वेळी निपाणी-खानापूरकडच्या घरांतून शेक देण्याची घाई होते. मात्र ५ टक्के लिडोकेनची पट्टी लावलेली असताना शेक कटाक्षाने टाळावा, कारण उष्णतेने औषध रक्तात अधिक शोषले जाते. हे औषध मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग रोखून वेदनेचा संदेश थोपवते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मागचा कागद काढण्यापूर्वी दुखऱ्या भागाएवढी कापून, ती अखंड व कोरड्या त्वचेवर लावावी. २४ तासांत १२ तासच ठेवावी, एका वेळी ३ पट्ट्यांहून अधिक नकोत. हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी, कारण तिच्यात बरेच औषध उरलेले असते.