आखातात निघालास? व्हिसा आणि करार शेजारी ठेवून वाच

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डिंग शिकलेलं पोरगं आखातात निघालं की कागद घेऊन माझ्याकडं येतं. मी सौदीत, दम्मामला, एका ठेकेदार कंपनीच्या पर्सोनेल ऑफिसात होतो. कामगारांचे इकामे, म्हणजे तिथं राहायचे परवाने, काढायचे, मुदत संपली की वाढवायचे, हेच काम. त्यामुळं पगार किती ठरला हे मी शेवटी विचारतो. आधी व्हिसा आणि करार टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगतो.

तूही तेच कर. दोन्हीकडं मालकाचं नाव एकच आहे का बघ. करार एका कंपनीचा आणि व्हिसा भलत्याच्याच नावावर असेल, तर तिथल्या सरकारच्या लेखी तुझा मालक व्हिसावरचा. पगार थकला की करार दाखवून कुणाला धरणार? मग हुद्दा वाच. सौदीच्या कामगार कायद्याचं ३८ वं कलम सांगतं की कामाच्या परवान्यावर लिहिलंय त्याहून वेगळ्या धंद्यात मालकानं कामगार लावायचा नाही. मोल्डर म्हणून न्यायचं आणि व्हिसावर साधा मजूर लिहायचं, ही एजंटांची जुनी खोड. "तिथं गेल्यावर बदलून देतात, मामा," असं पोरं मलाच समजावतात. इथं बदलून घे, मग जा.

ड्रायव्हर पोरांनी जास्त जपायचं. 'हाऊस ड्रायव्हर'चा व्हिसा असेल तर सौदीत तू घरकामगारात मोडतोस. त्यांचे नियम वेगळे, आणि खाली सांगतोय ती मालक बदलायची सवलत कंपनीच्या कामगारांसाठी आहे.

ती सवलत अशी. १४ मार्च २०२१ पासून सौदीत एक वर्ष काम झालं की करारातली नोटीस देऊन, जुन्या मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडं जाता येतं. व्यवहार 'किवा' या सौदी सरकारच्या पोर्टलवर होतो. कतारनं २०२० मध्येच मालकाच्या एनओसीची अट काढली. पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची नोटीस, पुढं दोन महिन्यांची. तिथं किमान पगार १,००० रियाल, शिवाय मालक जेवण देत नसेल तर ३०० आणि राहायला देत नसेल तर ५००. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, मालक 'नाही' म्हणाला की विषय संपला. पण या सगळ्याचा उपयोग कधी? करार सरकारी नोंदीत असेल आणि इकामा चालू असेल तेव्हा. सौदीत इकामा, वर्क परमिट आणि भरतीचा खर्च कलम ४० प्रमाणं मालकाचा. "इकाम्याचे पैसे पगारातून कापू" असं कुठं लिहिलं असेल तर तिथं बोट ठेवून विचार.

दुबईला जाणाऱ्यानं पगाराचे तुकडे बघायचे. एजंट १,५०० दिरहम सांगतो, करारात बेसिक ८०० आणि बाकी भत्ते. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागं २१ दिवसांच्या बेसिकची. म्हणजे वर्षाला ५६० दिरहम; सगळे १,५०० बेसिक असते तर १,०५० झाले असते. ओव्हरटाइमही बेसिकवरच. हे गणित लई पोरं करत नाहीत.

व्हिजिट व्हिसावर चल, पोचल्यावर कामाचा करून देतो, असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवला तर यूएईत २०२४ पासून मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. छापा पडला की तुझी गत काय, ते वेगळं सांगायला नको.

आता आपल्या बाजूचं. दहावी नसल्यानं पासपोर्ट ईसीआर ('एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड') असेल, तर आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते: दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, १० लाखांचं अपघाती संरक्षण. दहावी पास असशील तर मंजुरी नको, पण एजंट त्याच पोर्टलवर शोधायचा. परवाना आहे का आणि चालू आहे का, दोन्ही बघ. "मी मुंबईच्या एजंटाचा माणूस" म्हणत स्टँडजवळ भेटणाऱ्याला कायद्यात जागा नाही. एजंटाला घेता येतात ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००, तेही पावती देऊन. पावती नको म्हणाला की उठायचं.

निघण्याआधी करार, व्हिसा आणि पासपोर्टचे फोटो घरच्यांच्या मोबाईलवर पाठव. पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं तिन्ही देशांत बेकायदा आहे. आणि पटलं नाही म्हणून रागाच्या भरात रूम सोडून निघून जाऊ नको. सौदीत अशा कामगारावर मालक 'हुरूब' लावतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद, आणि मग तूच आरोपी होतोस. आधी किवावर करार तपास, नोटीस टाक, आणि पगार थकला असेल तर बँकेचं स्टेटमेंट घेऊन कामगार खात्यात तक्रार कर. कामावर मात्र रोज जायचं.