निवाऱ्यातल्या मोठ्या मांजराला घर मिळवायचंय?
पिल्लं पटकन जातात. मोठं मांजर महिनोन्‌महिने तिथेच राहतं, कारण जाळीआडून काढलेल्या फोटोत त्याचे नुसते दोन चमकते डोळे दिसतात.

१. पिंजऱ्याबाहेर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. मोबाइल मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे सरळ फरशीवर पालथं पडायचं. (कपडे जुने घाला.) मांजर काळं असेल तर खाली फिकट चादर अंथरा.

२. ‘खूप गोड आहे’ लिहू नका, सगळीच असतात. ‘पायाशी झोपतं, कुत्र्याला घाबरतं, नसबंदी झालीये’ असं लिहा.

३. कुणी घुटमळत असेल तर आधी 15 दिवस सांभाळायला द्या.

मात्र खिडक्या-बाल्कनीला जाळी आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय मांजर देऊ नका.