मोठी चेनसॉ सुरू करण्याआधी: तयारीची यादी

ही यादी ६० सीसीच्या पुढच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक करवतीसाठी आहे. लहान करवतीत अर्धवट धार आणि अंदाजाने ओतलेलं ऑइल काही दिवस खपून जातं. मोठ्या इंजिनात तोच निष्काळजीपणा थेट पिस्टन-सिलिंडरवर निघतो. त्यामुळे स्टार्टरच्या दोरीला हात लावण्याआधीचा अर्धा तास टेबलावर गेला तर तो वाया गेला असं समजू नका. बिघाड म्हणून जे काही पुढे येतं, त्यातलं बरंचसं इंधन, एअर फिल्टर आणि धार या तीन ठिकाणीच सापडतं.

आधी हत्यारं मांडून घ्या. करवतीसोबत येणारा, प्लग आणि बारचे (म्हणजे ज्या पातीवरून चेन फिरते तिचे) नट दोन्ही उघडणारा पाना, स्क्रूंना बसणारी टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराची) की, चेनच्या मापाची गोल कानस, एक चपटी कानस, डेप्थ गेजची (दातापुढच्या उंचवट्याची) पट्टी, फट मोजायचं फीलर गेज, कडक ब्रश आणि टोकाला आकडा केलेली तार. सुट्या भागांत एक प्लग, एक फ्युएल फिल्टर आणि साडेतीन ते चार मिमी जाडीची सुमारे एक मीटर स्टार्टरची दोरी जवळ असावी. तुमच्या मॉडेलचं माहितीपुस्तकही हवं, कारण आयडल (थ्रॉटल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) आणि कमाल आरपीएमचे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. अंगावर जाळी आणि कानरक्षक असलेलं हेल्मेट, करवतरोधक पँट, हातमोजे आणि पोलादी टोकाचे बूट हवेत. या पँटमधले लांब धागे चेनसोबत ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन थांबवतात. जाड जीन्स हे काम करत नाही.

इंधनाचं मिश्रण डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक ऑइलसाठी सर्वसाधारण प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली आणि पाच लिटरला १०० मिली. माहितीपुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली. कॅनमध्ये आधी ऑइल, मग निम्मं पेट्रोल घालून हलवा, उरलेलं पेट्रोल ओता आणि पुन्हा हलवा. ‘थोडं जास्त ऑइल बरं’ हा समज सोडून द्या. जास्तीच्या ऑइलने काजळी धरते, शिवाय तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन उलट कोरडं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा स्थितीत चालतं. टू-स्ट्रोक ऑइलला बहुधा रंग असतो, त्यामुळे कॅनमधलं पेट्रोल बिनरंगी दिसलं तर ते टाकीत ओतू नका. ऑइलशिवाय मोठं इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि रबरी नळ्या व डायफ्रॅम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) कडक करतं. म्हणून महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण बनवा.

पेट्रोल भरताना इंजिन थंड हवं. भरलेल्या जागेपासून तीन मीटर तरी लांब जाऊन करवत सुरू करा. प्रत्येक वेळी बारच्या ऑइलची टाकीही भरा. दोन्ही टाक्यांची मापं अशी ठेवलेली असतात की पेट्रोल आधी संपतं आणि थोडंसं ऑइल उरतं. पेट्रोल संपल्यावरही ऑइलची टाकी जवळजवळ भरलेलीच असेल तर ऑइल चेनपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा बारचं छिद्र आणि त्याची खाच भुशाने बुजली आहे का ते पाहा. वापरलेलं, जळकं इंजिन ऑइल इथे चालत नाही. त्यातले धातूचे कण पंप खातात.

आता चेन. पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या हे तीन आकडे बारवर कोरलेले असतात आणि चेन त्यांच्याशी तंतोतंत जुळायला हवी. कानस पिचनुसार घ्या: ०.३२५ इंचाला ४.८ मिमी, पूर्ण आकाराच्या ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमी, ०.४०४ ला ५.५ मिमी. कोन बहुतेक चेनवर २५ ते ३० अंश असतो आणि दातावरच त्याची खूण असते. कानस आतून बाहेर एकाच दिशेने ढकला, परत आणताना उचला. सगळ्यांत झिजलेला दात शोधून बाकीचे त्याच लांबीला आणा. एका बाजूचे दात आखूड राहिले की कापणी सरळ न जाता एका बाजूला वळत जाते आणि लोक बारला दोष देतात. धार ठीक असेल तर चौकोनी कपचे पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा. अशा वेळी करवत दाबून चालवली तर बार निळा पडतो, क्लच तापतो आणि लाकूड मात्र कापलं जात नाही.

दातापुढचा डेप्थ गेज हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दात घासला की तो खालीही जातो, गेज तिथेच राहतो आणि दाताला लाकूड घ्यायला जागा उरत नाही. तीन-चार वेळा धार लावली की पट्टी ठेवून वर आलेला भाग चपट्या कानशीने उतरवा. ३/८ चेनला साधारण ०.६५ मिमी उतार पुरतो. त्याहून जास्त उतरवलात तर चेन लाकडाला अडकून झटके देते आणि बारच्या टोकाची उसळी वाढते.

चेनचा ताण थंड असतानाच ठरवा. नट सैल करून बारचं टोक वर उचलून धरा, ताणाचा स्क्रू फिरवा आणि टोक तसंच धरून नट आवळा. चेन बारच्या खालच्या बाजूला टेकलेली दिसली पाहिजे आणि हातमोजा घालून ओढली तर सहज सरकली पाहिजे. नवी चेन पहिल्या तासात भरपूर लांबते, तेव्हा मधेमधे थांबून बघा. प्रत्येक धारेनंतर बार उलटा करा, त्याची खाच खरवडा आणि कडांवर आलेले काटे चपट्या कानशीने उतरवा. स्प्रॉकेटवर अर्ध्या मिलिमीटरहून खोल चर पडले असतील तर नवी चेन त्यावर चढवू नका, ती वेळेआधीच खराब होईल.

सुरू करताना करवत सपाट जमिनीवर, बार अधांतरी, चेनब्रेक लावलेला. मागच्या हँडलमध्ये उजव्या बुटाचं टोक, डावा हात पुढच्या हँडलवर सरळ. डीकॉम्प्रेशनचं (सिलिंडरमधला दाब कमी करून दोरी ओढणं सोपं करणारं) बटण दाबा, चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप) पूर्ण लावा, अडकल्याची जाणीव होईपर्यंत दोरी हळू ओढा आणि मग झटका द्या. दोरी शेवटच्या टोकापर्यंत खेचू नका आणि हातातून सोडूनही देऊ नका. दोन-चार झटक्यांत एक बारीक ‘फट’ ऐकू येईल. तिथेच चोक काढून अर्ध्यावर आणा. मोठ्या करवतीत हा आवाज क्षीण असतो, कानरक्षक चढवल्यावर तर निसटतोच, आणि चोक लावून ओढत राहिलं की इंजिन पेट्रोलने भरून जातं. त्या ‘फट’बरोबर डीकॉम्प्रेशनचं बटण आपोआप बाहेर येतं, ते पुन्हा दाबा. इंजिन लागलं की लगेच थ्रॉटल एकदा टिचकी मारल्यासारखा दाबून सोडा, नाहीतर ब्रेक लावलेल्या अवस्थेत ते जोरात फिरत राहून क्लच जाळतं. नंतर ब्रेक सोडा. करवत हवेत धरून, खाली झटकत सुरू करण्याची पद्धत बघायला रुबाबदार असली तरी या वजनाच्या यंत्राला ती अजिबात चालणारी नाही.

चार गोष्टी लगेच तपासा: आयडलला चेन स्थिर आहे, बारचं टोक फिकट लाकडाकडे धरून थ्रॉटल दिला तर ऑइलची रेघ उमटते, ब्रेक ढकलताच चेन थांबते, बटणाने इंजिन बंद होतं.

लागत नसेल तर कार्बोरेटरचे स्क्रू सर्वांत शेवटी. आधी प्लग काढा. ओला असेल तर बटण बंद, चोक उघडा, दोरी आठ-दहा वेळा ओढा, प्लग पुसून बसवा आणि थ्रॉटल पूर्ण दाबून प्रयत्न करा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर काढून बदला. थोडा वेळ चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा लागते, तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे. प्लगची फट साधारण ०.५ मिमी. काळाकुट्ट प्लग बहुधा घाण एअर फिल्टर सांगतो, पांढरट प्लग हवा जास्त असल्याचं. ठिणगी, इंधन, हवा सगळं ठीक असून ताकद नसेल तर सायलेन्सरची बारीक जाळी काजळीने बुजली आहे का पाहा. सायलेन्सर उघडलाच आहे तर त्या भोकातून पिस्टनही बघून घ्या. उभे ओरखडे दिसले तर मामला खर्चिक आहे.

कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण थ्रॉटलला किती पेट्रोल जावं ते ठरवणारा) घट्ट करत नेला की आवाज चढतो आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात पेट्रोल कमी होऊन पिस्टनवरचं ऑइलही कमी होत असतं. योग्य जुळणीत बिनओझ्याने पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आवाज किंचित फुरफुरता असतो आणि लाकडात शिरताच स्वच्छ होतो. एका वेळी स्क्रू आठवा हिस्साच फिरवा आणि आरपीएम टॅकोमीटरने मोजा. इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरच्या मॉडेलांना हे स्क्रूच नसतात. करवत आडवी-उभी केली की आयडल बदलतो किंवा थ्रॉटल सोडूनही आरपीएम खाली येत नाही, तर कुठून तरी हवा शिरते आहे. तेव्हा इंजिन ताबडतोब बंद करा. क्रँक सील आणि दाबाची चाचणी हे काम उपकरणं असलेल्या कारागिराचं.

क्लच घरी उघडता येतो, पण बहुतेक करवतींत त्याचे आटे उलटे असतात आणि तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड दोरी आत घाला. मात्र त्याआधी पिस्टन वर येत एग्झॉस्टचं भोक झाकून गेला असला पाहिजे, नाहीतर दोरी त्या भोकात जाऊन कापली जाते. ड्रमखालच्या सुईबेअरिंगला थोडं ग्रीस द्या. स्टार्टरची दोरी बदलताना चष्मा घाला, आतली स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते. दोरी पूर्ण ओढल्यावरही पुली आणखी अर्धा फेरा फिरली पाहिजे, तेवढी मोकळीक नसेल तर स्प्रिंग लवकरच तुटेल.

काम संपलं की चेनचा ताण सैल करा. गरम असताना ताणलेली चेन थंड होऊन आकसते आणि क्रँक व बेअरिंगवर ओढ देते. दोन-तीन महिने वापर नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलेलंही संपतं. एअर फिल्टर धुऊन वाळवा, सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिनांमधला (पात्यांमधला) भुसा ब्रशने काढा आणि बारवर म्यान चढवून करवत कोरड्या जागी ठेवा.