डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली तर: नागपूरच्या माजी सैनिकाने न्यायाधिकरणात दाद कशी मागावी

सैन्यातून अपंगत्वासह बाहेर पडलेल्या जवानाचा डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा फेटाळला गेला की घरात पहिली चर्चा आजाराचीच होते. गुडघा किती दुखतो, झटके किती वेळा येतात, साखर किती वाढली याची उजळणी होते आणि धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या तज्ज्ञाचा नवा दाखला घेऊन थेट कोर्टात जायचे ठरते. सैनिकांचे असे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणासमोर (आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल) मात्र आजार आहे की नाही, हा बहुधा वादाचा मुद्दाच नसतो, कारण तो आहे हे लष्कराच्या मेडिकल बोर्डानेच लिहून दिलेले असते. या आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाने कोणत्या कारणावरून ठरवले आणि ते कारण नियमांना धरून आहे का, यावर सगळा वाद होतो. त्यामुळे नव्या दाखल्यापेक्षा जुने कागद अधिक मोलाचे ठरतात आणि तयारीही तिथूनच सुरू करावी लागते.

त्यातले तीन कागद हाती असल्याशिवाय वकिलाकडे जाण्यात फारसा अर्थ नाही. पहिला म्हणजे भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, दुसरा म्हणजे सेवेतून बाहेर पडताना झालेल्या मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, आणि तिसरा म्हणजे दावा व त्यानंतरची अपिले फेटाळल्याची पत्रे. ही कागदपत्रे आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड्स कार्यालयात असतात. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या जवानाला त्यासाठी कामठीपर्यंतच जावे लागते, परंतु महार रेजिमेंटच्या जवानाला सागरशी, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला बेळगावशी आणि वायुसेनेतून निवृत्त झालेल्याला दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागतो. वायुसेनेचे मेंटेनन्स कमांड नागपुरात असले तरी निवृत्तांचे अभिलेख इथे ठेवले जात नाहीत. साध्या अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, ज्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. अर्जात सेवा क्रमांक, भरतीची व डिस्चार्जची तारीख देऊन ‘मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची सर्व पानांसह प्रत’ असे स्पष्ट मागावे, कारण नुसता ‘मेडिकल रिपोर्ट’ मागितला तर अनेकदा शेवटचे एकच पान हाती पडते. यात दिरंगाई परवडत नाही. ज्यांना पेन्शन मिळालेली नाही अशांची सेवाविषयक कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात.

बोर्डाच्या कार्यवाहीत टक्केवारीच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष जाते, पण निर्णायक पान त्याच्या आधीचे असते. त्या पानावर प्रत्येक आजारापुढे तीन प्रश्न छापलेले असतात: हा आजार सेवेमुळे उद्भवला आहे का, सेवेमुळे बळावला आहे का, आणि दोन्ही नसल्यास सेवेशी त्याचा संबंध नाही असे का म्हणायचे. नाकारलेल्या दाव्यांत पहिल्या दोन रकान्यांत ‘नाही’ असते आणि तिसऱ्यात अर्ध्या ओळीचा शेरा असतो, उदाहरणार्थ ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ (मूळ शरीरप्रकृतीतलाच विकार), किंवा ‘आजाराची सुरुवात पीस स्टेशनवर’ (म्हणजे शांत ठाण्यावर). ही अर्धी ओळ एका वेगळ्या कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पुढचा जवळजवळ सगळा युक्तिवाद तिच्याभोवती फिरतो.

त्यानंतर भरतीच्या अहवालाकडे वळावे. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समधील (पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम) नियम ५ प्रमाणे जवान सेवेत येताना शरीराने व मनाने निरोगी होता असे गृहीत धरले जाते, अपवाद फक्त त्या वेळी नोंदवलेल्या व्याधींचा असतो. नियम ९ प्रमाणे पुराव्याचा भार दावेदारावर नसतो आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा असतो. नियम १४ सांगतो की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार, ज्यामुळे पुढे डिस्चार्ज झाला, तो सामान्यतः सेवेत उद्भवला असे मानावे. तो भरतीच्या तपासणीत लक्षात येणे शक्य नव्हते असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे लिहावी लागतात. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवांच्या १९८३ च्या नियमावलीतील नियम ४२३ ने तर आजाराचे कारण फील्डमध्ये घडले की शांत ठाण्यावर, यामुळे फरक पडत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘पीस स्टेशन’चा शेरा म्हणजे नकाराचे पुरेसे कारण नव्हे, असे म्हणायला हा नियम थेट उपयोगी पडतो.

हे सर्व नियम सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या २ जुलै २०१३ च्या निकालात एकत्र मांडले. सिग्नल्सचा हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्वावर १९९४ मध्ये बोर्ड आउट झाला, म्हणजे अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवेतून काढला गेला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने संबंध नाकारताना कारण दिले नव्हते, एवढ्यावर न्यायालयाने पेन्शन मान्य केली. त्याच दिवशी वीर पाल सिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की तज्ज्ञांच्या मतात हस्तक्षेप करण्यास न्यायालये नाखूश असली तरी ते मत न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही, आणि त्या जवानाची रिव्ह्यू मेडिकल बोर्डाकडून फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. न्यायालय स्वतः डॉक्टर होत नाही, ते बोर्डाच्या मतामागे कारण आहे का आणि ते नियमाला धरून आहे का एवढे पाहते, हे या दोन्ही निकालांवरून दिसते.

तरीही धरमवीर सिंग यांचे नाव घेतले की पेन्शन मिळते, ही सैनिकांच्या कट्ट्यावरची समजूत खरी नाही. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळून येत नाही, म्हणून केवळ नोंद नसण्यावरून तो सेवेमुळे झाला असे मानता येणार नाही, असे म्हटले आणि दावा फेटाळला. सुट्टीवर असताना झालेल्या अपघातांतही न्यायालय त्या घटनेचा लष्करी सेवेशी कार्यकारण संबंध शोधते. २०११ च्या जुझार सिंग निकालात गावी रस्त्यावर झालेल्या अपघाताचा असा संबंध नाही, असे ठरले. आपली बाजू मांडताना हे विरोधी निकाल लपवू नयेत. सरकारी वकील ते मांडणारच असतात, त्यामुळे आपले प्रकरण त्यांहून कुठे वेगळे आहे ते अर्जातच सांगितलेले बरे.

कोणते नियम लागू आहेत हे डिस्चार्जच्या तारखेवर ठरते. १ जानेवारी २००८ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स आले आणि त्यांत सुदृढतेचे गृहीतक पूर्वीइतक्या सरळ शब्दांत उरले नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम लागू झाले आहेत. १९९० च्या दशकात बाहेर पडलेल्या शेजाऱ्याचा अर्ज उतरवून काढण्याची सवय म्हणूनच घातक आहे, कारण त्यातले नियम क्रमांक आपल्याला लागू नसण्याची शक्यता असते.

टक्केवारीचा प्रश्न यानंतर येतो. सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला किमान २० टक्क्यांची अट आहे. ज्याला अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात म्हटले. बोर्ड आउट होऊनही १५ टक्के लिहून आलेल्या जवानाने हा निकाल अवश्य पुढे करावा. त्याच वर्षी १० डिसेंबरला राम अवतार यांच्या प्रकरणात राउंडिंग ऑफचा लाभ फक्त बोर्ड आउट झालेल्यांनाच नव्हे, तर अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही मिळेल, हे ठरले. या पद्धतीत ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० टक्के धरले जाते, ५० ते ७५ मधले ७५ आणि त्यावरचे १००. रकमेत फरक किती पडतो ते पाहू. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वासाठीचा भाग, १०० टक्के अपंगत्वासाठी शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के धरला जातो. हिशेबाला धरलेले वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व ३० टक्के असेल, तर एलिमेंट महिन्याला ३,६०० रुपये होतो. राउंडिंग ऑफ मागितले आणि मिळाले तर तोच ६,००० रुपये होतो. अर्जातील मागण्यांत ही मागणी वेगळी लिहावी, कारण न मागितलेले सहसा मिळत नाही.

आता मार्ग. दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात हा दावा चालत नाही. आधी खात्यांतर्गत पहिले अपील करावे आणि ते फेटाळल्यास दुसरे. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २१ प्रमाणे हे उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सामान्यतः अर्ज दाखल करून घेत नाही. अपिलावर सहा महिने निर्णयच आला नाही तर उपाय संपला असे मानले जाते आणि पुढे जाता येते, त्यामुळे अपील स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी. कलम २२ प्रमाणे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि निर्णय आलाच नसेल तर वरचे सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा. उशीर झाला असेल तर सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा. पेन्शन न देणे ही दर महिन्याला चालू राहणारी चूक आहे, असे २००८ च्या तरसेम सिंग निकालात मान्य झाले आहे. तरसेम सिंग १९८३ मध्ये बोर्ड आउट झाले होते आणि त्यांनी १९९९ मध्ये न्यायालयाची पायरी चढली. त्यांचा हक्क मान्य झाला, पण थकबाकी याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळाली. उशिरा जागे झालेल्याने पेन्शनची आशा सोडू नये, मात्र जुन्या थकबाकीचा मोठा हिशेब मनात धरू नये.

नागपूरकरांसाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील प्रकरणे तिथेच चालतात, आणि निवृत्त व्यक्तीला आपण राहतो त्या भागाच्या खंडपीठाकडे जाता येते. सेवा राजस्थानात झाली म्हणून जयपूरला जावे लागत नाही. मात्र विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून प्रत्येक तारखेला हजर राहण्याचीही गरज नसते, कारण हे प्रकरण तोंडी साक्षींवर नव्हे तर कागदांवर चालते. कोणत्या तारखेला स्वतः यावे लागेल ते वकिलांना आधीच विचारून घ्यावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा विचारावे.

न्यायाधिकरणाच्या पीठात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य असतो, आणि हा दुसरा सदस्य साधारणपणे निवृत्त वरिष्ठ सैनिकी अधिकारी असतो. त्यामुळे फिल्ड पोस्टिंग म्हणजे काय किंवा लो मेडिकल कॅटेगरी (वैद्यकीयदृष्ट्या खालची श्रेणी) कशी लागते, हे समजावत बसण्यात पाने घालवू नयेत. कायदा आणि वस्तुस्थिती हे दोन्ही प्रश्न ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, म्हणून पोस्टिंगची यादी आणि आजाराची पहिली नोंद कोणत्या ठाण्यावर, सेवेच्या कितव्या वर्षी झाली, हे एका तक्त्यात तारखांसह द्यावे. मला स्वतःला हा तक्ता दहा पानी युक्तिवादापेक्षा उपयोगी वाटतो. बोर्डाचे मत कारणांविना आहे असे पीठाला पटले तर एकतर थेट पेन्शनचा आदेश होतो, किंवा नव्या मेडिकल बोर्डाचा. नवे बोर्ड झाले तर तिथे जाताना पूर्वीचे उपचाराचे कागद सोबत न्यावेत, कारण तिथे पुन्हा तोच रकाना भरला जाणार असतो.

न्यायाधिकरणाने दावा फेटाळला तर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अरुंद आहे, कारण त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न दाखवावा लागतो. काही वर्षे उच्च न्यायालयांचे दरवाजेही यासाठी जवळजवळ बंद होते, परंतु २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिकेचा मार्ग मोकळा केला. इथले जवान त्यासाठी सिव्हिल लाइन्समधील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाण्याचा विचार करू शकतात. तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. न्यायाधिकरणाने लागू नियम दुर्लक्षिला, महत्त्वाचा कागद पाहिलाच नाही किंवा बाजू ऐकली नाही, अशी ठळक चूक असेल तरच याचिका टिकते. नुसती नाराजी हा मुद्दा होत नाही.

आदेश बाजूने लागला तरी पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड्स कार्यालयाला आणि प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाला पाठवावी, आदेशात अंमलबजावणीसाठी दिलेली मुदत आणि व्याजाची अट पाहून ठेवावी, आणि सुधारित पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आल्यावर त्यातला टक्केवारीचा आकडा, राउंडिंग ऑफ आणि सुरुवातीची तारीख आदेशाशी ताडून पाहावी. मुदत उलटूनही काही हालचाल नसेल तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी मूळ प्रकरणाची फाइल, पोचपावत्यांसह, नीट लावून ठेवलेली असावी लागते.