आईकडचं की बाबांकडचं? इम्प्रिंटेड जनुकांच्या प्रश्नात या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी एम.एस्सी.ची चार-पाच मुलं जेनेटिक्सचे प्रश्न घेऊन येतात. आधी शेव-उसळ संपते, मग वंशावळी निघतात. इम्प्रिंटिंगच्या पानावर दरवर्षी ठरलेल्या चुका सापडतात. त्यातली एक तर मी स्वतः फळ्यावर करून दाखवली आहे.

आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि दोन्ही कामाला असतात. माणसातली शंभरेक जनुकं याला अपवाद, आणि हाच प्रकार म्हणजे इम्प्रिंटिंग. त्यांची एक प्रत चालते आणि दुसरी मिथाइलच्या रासायनिक ठशामुळे गप्प बसते. कोणती गप्प बसणार, हे ती कोणाकडून आली त्यावर ठरतं. खाण तशी माती हे खरंच, पण इथे दोन खाणी आहेत आणि कुठली माती कुठून आली याची नोंद पेशी ठेवते.

शब्दातच पाय घसरतो

‘मॅटर्नली इम्प्रिंटेड’ वाचलं की निम्मी मुलं लिहितात, ‘आईची प्रत चालते.’ नेमकं उलटं. इथे इम्प्रिंटेड म्हणजे गप्प केलेली. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक मॅटर्नली इम्प्रिंटेड आहे, म्हणजे त्याची वडिलांकडची प्रत बोलते. १९९१ साली उंदरांवर हे दिसलं. बिघडलेली प्रत बापाकडून आली तर पिल्लू नेहमीच्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरत असे. तीच प्रत आईकडून आली तर पिल्लू नेहमीसारखंच. माझा उपाय साधा आहे: वहीत ‘इम्प्रिंटेड’ लिहूच नका, ‘वडिलांकडची बोलते’ असं लिहा.

पिढी सुटली म्हणजे रिसेसिव्ह, असं नाही

ही माझी चूक. रिसेसिव्ह म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणारा दोष. जनुक होतं जीएनएएस, २० व्या गुणसूत्रावरचं. ग्रंथींच्या प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पॅराथायरॉइडचं संप्रेरक, थायरॉइडला हलवणारं पिट्युटरीचं संप्रेरक पेशीच्या दारावर येऊन टकटक करतात, तो निरोप आत पोचवणारं प्रथिन हे जनुक बनवतं. शरीरात बऱ्याच ठिकाणी त्याच्या दोन्ही प्रती चालतात. मूत्रपिंडाच्या एका भागात, थायरॉइडमध्ये, पिट्युटरीत आणि बीजग्रंथींत मात्र मुख्यतः आईकडचीच.

आता बिघाड आईकडून आला तर काय होईल? पॅराथायरॉइड भरपूर संप्रेरक सोडते, पण मूत्रपिंड ऐकतच नाही. कॅल्शियम घसरतं, फॉस्फेट चढतं, हातापायांत पेटके येतात. अमेरिकी डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४२ मध्ये याचं वर्णन केलं. ग्रंथी धडधाकट, ऐकणारा बहिरा. जोडीला ठेंगणी उंची, गोल चेहरा आणि हाताची आखूड हाडं. हाच बिघाड वडिलांकडून आला तर हाडांची लक्षणं दिसतात, कारण तिथे दोन्ही प्रती लागतात. संप्रेरकांचं गणित मात्र सुरळीत राहतं.

मी फळ्यावरच्या वंशावळीत फक्त कॅल्शियम कमी असलेली माणसं आजारी म्हणून काळी रंगवली. मधली पिढी कोरी राहिली आणि मी ठासून लिहिलं, ‘रिसेसिव्ह’. मागून एक मुलगी म्हणाली, ‘सर, पण उदाहरणातल्या त्या मधल्या बाईंची बोटं आखूड दिलीयेत की.’ बरोबर होतं तिचं. त्या बाईंना बिघाड वडिलांकडून मिळाला होता, म्हणून रक्त ठीक. त्यांच्या मुलाला तो आईकडून मिळाला, म्हणून पेटके. त्या मुलाच्या मुलीकडे गेला तर रक्त पुन्हा ठीक. प्रत्येक वेळी शक्यता निम्मी. बदलतं एवढंच, की देणारी बाई आहे की पुरुष.

इथेच दुसरी गफलत होते. मुलं समजतात, आईचा ठसा आयुष्यभर आणि पुढच्या पिढीतही आईचाच. व्यक्तीच्या शरीरपेशींत तो टिकतो, पण तिची बीजं तयार होताना पुसला जातो आणि तिच्या लिंगाप्रमाणे नव्याने मारला जातो. आजीकडून आलेली प्रत मुलग्याच्या शुक्राणूतून गेली की ती ‘वडिलांकडची’ झाली, आजीचा शिक्का गेला.

एमकेआरएन-३ मध्ये हे लख्ख दिसतं. हे जनुक वयात येण्याच्या घड्याळाला ब्रेक लावतं आणि त्याची वडिलांकडची प्रतच चालते. बिघाड असला तर मुलगी आठच्या आधीच वयात येऊ लागते. २०१३ मध्ये हे उघड झालं. वडिलांना तो त्यांच्या आईकडून आला असेल तर ते स्वतः वेळेवरच वयात आलेले असतात, आणि मग घरात चर्चा रंगते की ‘हे आमच्याकडचं नाही, तिच्या माहेरचं’. वंशावळ काढताना वडिलांकडच्या आजीचा रकाना रिकामा ठेवू नका.

बिघाड म्हणजे नेहमी ‘कमी’ नव्हे

सीडीकेएन-१सी हे जनुक पेशीविभाजनाला आवर घालतं, आईकडची प्रत चालते. आवर सुटला तर बेकविथ-विडमन सिंड्रोम: बाळ मोठं, जीभ मोठी, मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी फुगलेली, कधी स्वादुपिंड इन्सुलिन जास्त सोडतं आणि साखर घसरते. आवर जास्तच घट्ट झाला तर इमेज सिंड्रोम: बाळ लहान, ॲड्रिनल खुरटलेली. एकाच जनुकाची दोन टोकं. परीक्षेत ‘म्यूटेशन’ एवढंच लिहून पुढे जाणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

आणखी एक. जनुकाची अक्षरं वाचणारी चाचणी स्वच्छ आली म्हणून ‘काही नाही’ म्हणू नका. ठसा अक्षरांत नसतो, त्यासाठी मिथायलेशन चाचणी लागते. बेकविथ-विडमनमध्ये सुमारे निम्म्या बाळांत अक्षरं बरोबर असतात, ठसा हरवलेला असतो. शिवाय तो सगळ्या पेशींत सारखा हरवलेला असतोच असं नाही, त्यामुळे रक्ताचा नमुना कधीकधी चकवतो.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नका, हे सांगून सांगून मी थकलो. आयजीएफ-२आर हे वेगळं जनुक उंदरात फक्त आईकडचं चालतं. बहुतेक माणसांत दोन्ही प्रती चालतात. जीआरबी-१० तर एकट्या उंदरातच पक्ष बदलतं: गर्भाच्या बहुतेक ऊतींत आईकडचं, मेंदूच्या चेतापेशींत वडिलांकडचं. म्हणून उत्तर लिहिताना जनुकाच्या नावापुढे प्राणी आणि ऊती दोन्ही लिहायला लावतो. मुलं कुरकुरतात, पण लिहितात.