कोडेक्सचं फूड सेफ्टी स्टँडर्ड कसं बनते, अन् आपल्या मिरची-हळदीचं म्हणणं त्यात कसं पोचवायचं

एक्स्पोर्टचा माल घेणारा व्यापारी भिवापूर-पवनीकडच्या सातऱ्यावर (मिरची वाळवायच्या-निवडायच्या जागेवर) येतो, मिरची देठापाशी मोडून पाहतो, आत बुरशी दिसली की पोतं बाजूला, अन् बाकी मालाचा अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीतून होणाऱ्या विषाचा, रिपोर्ट मागतो. रिपोर्टमधला आकडा पास की फेल हे ठरवणारी मर्यादा कुठून आली हे विचारलं तं "बाहेरच्या लोकांनी ठरवलं" एवढंच उत्तर मिळते. पण ठरवायची रीत उघडी आहे भाऊ, कागद फुकट डाउनलोड होतात, अन् आपल्या शेतकरी कंपनीला, बचत गटाला त्यात म्हणणं घालता येते. फक्त ते मसुदा कच्चा असतानाच घालावं लागते.

आधी ठरवते कोण ते पाहा. कोडेक्स अॅलिमेंटेरियस कमिशन, संयुक्त राष्ट्रांची एफएओ (अन्न-शेती संघटना) अन् डब्ल्यूएचओ (आरोग्य संघटना) या दोघांनी मिळून काढलेलं, पहिली बैठक १९६३ मध्ये रोमला झाली. आज १८८ देश अन् युरोपियन युनियन मेंबर आहेत, भारत १९६४ पासून आहे. कोडेक्सचं स्टँडर्ड म्हणजे कायदा नाही, कोणत्याही देशावर सक्ती नाही. पण १९९५ पासून डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) एसपीएस करारात, म्हणजे अन्न अन् पिकं-जनावरांच्या सुरक्षेच्या नियमांवरच्या करारात, खाद्य सुरक्षेसाठी कोडेक्सलाच आधार धरलं आहे, म्हणून एखाद्या देशाला त्याहून कडक नियम लावायचा असेल तं त्याला शास्त्रीय कारण दाखवावं लागते. म्हणून ऐच्छिक असूनही त्याचं वजन एवढं.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, इथंच बहुतेक लोकांचा गोंधळ होते. शास्त्रज्ञ वेगळे बसतात, देशांचे प्रतिनिधी वेगळे. अॅडिटिव्ह (खाण्यात वरून घालतात ते पदार्थ) अन् अफ्लाटॉक्सिनसारखी विषं जेक्फा पाहते (ही १९५६ पासूनची कमिटी), कीटकनाशकांचे अंश जेएमपीआर पाहते, जंतूंचं काम जेम्राकडं. तिथले तज्ज्ञ देशाचे म्हणून बसत नाहीत, स्वतःच्या अभ्यासावर बसतात, अन् एखादी गोष्ट किती पोटात गेली तं धोका आहे एवढं सांगतात. मर्यादा किती ठेवायची हे मंग कोडेक्सच्या कमिटीत देश ठरवतात. फवारणीचंच घ्या. जेएमपीआर ट्रायलचा डेटा पाहते, शेतात लेबलवर लिहिल्याप्रमाणे फवारलं अन् तोडणीआधी सांगितलेले दिवस थांबलं तं मालात किती अंश उरते. ओली मिरची वाळली की पाणी उडते अन् अंश घट्ट होतात, म्हणून वाळल्या मिरचीची मर्यादा वेगळी काढावी लागते. ज्या औषधाचा डेटा कोणी दिलाच नाही त्याची कोडेक्स मर्यादाच बनत नाही, अन् मंग घेणारा देश आपला कडक आकडा लावून मोकळा होतो.

स्टँडर्डचे टप्पे ८ आहेत. पहिल्या टप्प्यात एखादा देश प्रोजेक्ट डॉक्युमेंट देतो, की हे स्टँडर्ड काऊन पाहिजे, व्यापार किती, कोणते देश पिकवतात, आज अडचण काय. ते तपासून कमिशन काम सुरू करायला होकार देते. दुसऱ्यात मसुदा लिहिला जातो, बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक वर्किंग ग्रुप लिहितो. तिसऱ्यात तो सगळ्या देशांना पाठवून अभिप्राय मागतात, चौथ्यात कमिटी त्यावर बसते, पाचव्यात कमिशनकडं जातो. सहा अन् सात म्हणजे अभिप्राय अन् कमिटी पुन्हा एकदा, अन् आठव्याला कमिशन मंजूर करते. सगळ्यांचं जमलं असेल तं पाचवरून सरळ आठवर उडी घेतात, म्हणजे तुमची दुसरी संधी गेलीच, म्हणून तिसरा टप्पा सोडू नका.

मसुदा हातात आला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, आधी चौकोनी कंस शोधा. ज्या आकड्यावर, शब्दावर देशांचं अजून जमलं नाही तो कोडेक्सच्या कागदात चौकोनी कंसात ठेवलेला असतो. ओलावा इतके टक्के, देठं इतके टक्के, तुटका माल इतका, अन् भोवती कंस. कंस आहे म्हणजे भांडायला जागा आहे. कंस उठला की आकडा हलवणं फार कठीण जाते.

मसाल्यांची कमिटी २०१३ मध्ये स्थापन झाली अन् तिचं यजमानपद भारताकडं आहे, काम कोचीचं स्पायसेस बोर्ड पाहते. वाळल्या मिरची-पाप्रिकाचं स्टँडर्ड २०२२ मध्ये झालं, अन् २०२४ च्या सुरुवातीला कोचीच्या बैठकीत हळदीचा मसुदा पक्का होऊन कमिशनकडं गेला, म्हणजे वायगावच्या हळदीचा विषय थेट त्यात आहे. यजमान आहोत म्हणून आपलं मत दुप्पट होत नाही, अध्यक्षानं तटस्थच राहावं लागते. कोडेक्समध्ये शक्यतो सहमतीनंच चालते, मतदान क्वचित. २०१२ मध्ये डुकरं-गुरांना देतात त्या रॅक्टोपामीन औषधाच्या मर्यादेवर मतदान झालं, ६९ विरुद्ध ६७, दोन मतांनी मंजूर. एका छोट्या देशाचं म्हणणंही किती मोलाचं असते ते यातून पाहा.

आता म्हणणं पोचवायचं कसं. एकट्या शेतकऱ्याला किंवा कंपनीला कोडेक्सला सरळ लिहिता येत नाही, बोलायचा हक्क देशांना अन् मान्यता असलेल्या निरीक्षक संस्थांनाच. आपला दरवाजा म्हणजे दिल्लीचं एफएसएसएआय (देशाची अन्न सुरक्षा संस्था), तिथं कोडेक्सचा कॉन्टॅक्ट पॉइंट आहे, नॅशनल कोडेक्स कमिटी आहे अन् कोडेक्सच्या कमिट्यांसाठी इथं शॅडो कमिट्या बसतात, भारताची बाजू तिथं ठरते. तुम्ही एफएसएसएआयला, मसाल्याचं असेल तं स्पायसेस बोर्डालाही लिहा, अन् आपल्या केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माणसाला सोबत घ्या, त्यांच्याकडं डेटा असते अन् इंग्रजी मसुद्याचा अर्थही तेच नीट लावून देतात. अभिप्राय मागणाऱ्या पत्राला सर्क्युलर लेटर म्हणतात, त्यावर शेवटची तारीख असते, पण ती देशासाठी आहे, तुमचा कागद दिल्लीत त्याच्या पुष्कळ आधी पोचला पाहिजे.

लिहायचं कसं तेही सांगतो. "ओलाव्याची मर्यादा शेतकऱ्याला परवडत नाही" असं लिहिलं तं कोणी वाचणार नाही. कलम नंबर, आताचा शब्द, तुम्हाला पाहिजे तो शब्द, कारण, अन् खाली डेटा, या क्रमानं लिहा. डेटा म्हणजे लॉटवार ओलावा, मिरची कुठं वाळवली, ताडपत्रीवर की उघड्या जमिनीवर, किती दिवस, मधात पाऊस आला का, अन् एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारं मंडळ) मान्य लॅबचा रिपोर्ट. अफ्लाटॉक्सिनच्या सॅम्पलला फार जपा. ते मालात सारखं पसरलेलं नसते, चार बुरशीच्या मिरच्यांत सगळं विष अन् बाकी पोतं स्वच्छ, असंही होते. एकाच पोत्यातून ओंजळभर उचलली तं रिपोर्ट खोटा पडते, चांगलाही अन् वाईटही. बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधातून, तळातून थोडी थोडी घ्यायची, सगळी एकत्र दळायची, मिसळायची अन् त्यातून लॅबला पाठवायची. असा डेटा एका गावाचा असला तरी कामाचा, दहा गावांनी मिळून केला तं शॅडो कमिटीला त्याच्याकडं दुर्लक्ष करणं जमत नाही.

अन् स्टँडर्ड होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. मसाल्यात बुरशीचं विष होऊ नये म्हणून कोडेक्सचा २०१७ चा कोड ऑफ प्रॅक्टिस आहे, तो गटात आजच वाचून काढा. माल जमिनीला टेकू न देता स्वच्छ जागेवर वाळवणं, पाऊस-दवापासून झाकणं, बुरशीचा माल वेगळा काढणं, ओला माल पोत्यात न भरणं, हे सगळं आपल्या सातऱ्यावर होण्यासारखंच आहे, खर्च मुख्य ताडपत्रीचा अन् चार जास्तीच्या हातांचा. सोबत १९६९ चा स्वच्छतेचा मूळ कोडही घ्या, तो २०२० मध्ये सुधारला अन् एचएसीसीपी, म्हणजे धोका कुठं होऊ शकते ते आधीच ओळखून तिथं आवरायची रीत, त्यातच आहे.

पत्र पाठवून झालं की विसरू नका. कमिटीची बैठक झाल्यावर तिचा रिपोर्ट कोडेक्सच्या वेबसाइटवर येते, परिच्छेदांना नंबर असतात, अन् शेवटी सुधारलेला मसुदा जोडलेला असते. तुमचं कलम काढा, कंस आहे की उठला पाहा, नवीन आकडा काय अन् आता कोणता टप्पा ते वहीत लिहून ठेवा, अन् कंस अजून असेल तं येत्या मिरचीच्या हंगामात कोणता डेटा गोळा करायचा ते गटाच्या मीटिंगमध्ये आत्ताच ठरवून टाका.